ठेकेदार बदलला, जॉबर तोच

२३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल लागला. २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या. भाजप १३२, शिंदेंची सेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. नागपुरात गुलाल उधळला गेला, फटाके फुटले.

पण दोस्तहो, नागपुरात २३ नोव्हेंबर ही तारीख या निकालाच्या फार आधीपासून आहे. १९९४ साली याच दिवशी हिवाळी अधिवेशनावर गोवारी बांधवांचा मोर्चा आला होता. मागणी एवढीच, की आमची आदिवासी म्हणून नोंद करा. दिवसभर माणसं रस्त्यावर ताटकळली. ऐकायला कोणी येईना. मग लाठी चालली, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं मेली. त्यात बाया होत्या, लेकरं होती. झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे. तेव्हा मुख्यमंत्री शरद पवार होते.

चार महिन्यांत निवडणूक झाली, सरकार पडलं, सेना-भाजप युतीचं सरकार आलं. १९९९ ला युती गेली, आघाडी आली. २०१४ ला आघाडी गेली, पुन्हा भाजप-सेना आली. २०१८ ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं गोवारी हे आदिवासीच आहेत असा निकाल दिला. २०२० ला सुप्रीम कोर्टानं तो फिरवला. तीस वर्षांत किती सरकारं आली आणि गेली ते बोटांवर मोजा. गोवाऱ्यांचा कागद जिथं होता तिथंच आहे.

हे आधी सांगतो, कारण निकालानंतर वस्तीत मला तीन प्रकारचे कार्यकर्ते भेटले. पहिला म्हणाला, "भाऊ, आपलं सरकार आलं. आपल्या साहेबाला महामंडळ भेटते आता." दुसरा रडकुंडीला आला होता, "संपलं बाप्पा सगळं. लोकसभेला संविधानासाठी रान पेटवलं, सहा महिन्यांत राख झाली." तिसरा बिडी ओढत म्हणाला, "सगळे चोर आहेत. पुढच्या खेपेला मत देतच नाही." तिघंही माझेच. तिघांशीही माझं भांडण आहे.

मी बुटीबोरीकडच्या एका सूतगिरणीत रिंगफ्रेमवर काम करतो. कोणत्या ते सांगत नाही, उद्या गेटच्या बाहेर उभं करतील. शाळा दहावीत सुटली. जे वाचलं ते रात्रपाळी सुटल्यावर वाचलं. पण राज्यशास्त्राचा पहिला धडा मला पुस्तकानं दिला नाही, गिरणीनं दिला. आमचा लेबर ठेकेदार चार वर्षांत तीनदा बदलला. दर खेपेला पाटी बदलली, पगाराच्या पावतीवरचं नाव बदललं, पेढेही वाटले गेले. पण सकाळी हजेरी घेणारा माणूस तोच. कोणाला कोणत्या मशीनवर ढकलायचं, कोणाची पाळी मोडायची, कोणाचा ओव्हरटाइम खायचा, हे ठरवणारा तोच. माझ्या आज्याच्या काळी त्याला जॉबर म्हणत. आता सुपरवायझर म्हणतात. नाव इंग्रजीत लांब झालं, हात तेवढाच लांब राहिला.

राज्यालाही जॉबर असतो. ठाण्यात तुमची तक्रार लिहून घ्यायची की नाही, हे ठरवणारा ठाणेदार. तुमचा जातीचा दाखला टेबलाच्या खाली दाबून बसलेला बाबू. दंगल कोणीही करो, निळा झेंडा दिसेल त्याच गल्लीत शिरणारी पोलीस गाडी. निवडणुकीत आपण ठेकेदार बदलतो. जॉबर बदलत नाही. विश्वास बसत नसेल तर चोपडी काढा. सगळ्या पक्षांचा हिशेब एकाच पानावर मांडू.

१९७८. आणीबाणीनंतरची पहिली विधानसभा. जनता पक्ष ९९, एक काँग्रेस ६९, दुसरी इंदिरा काँग्रेस ६२. आपल्या रिपब्लिकनांचे गट तेव्हाही फुटलेले, आमदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आधी दोन्ही काँग्रेसनी मिळून वसंतदादांचं सरकार केलं. जुलैत ते पडलं आणि १८ जुलैला पवारांचं पुलोद सरकार आलं. केवढा आनंद! जनता पक्ष, शेकाप, सगळे पुरोगामी एका खाटेवर. नऊच दिवसांत, २७ जुलैला, विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. ठराव मुंबईत झाला, आग मराठवाड्यात लागली. गावोगाव आपली घरं जळाली. टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना मारलं. सरकार पुरोगामी होतं, तरी गावातला पोलीस पाटील गावाचाच राहिला. आणि त्या अत्याचाराचा जाब विचारायला नागपूर रस्त्यावर उतरलं, तेव्हा ४ ऑगस्टला आपल्या पोरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. शपथविधीला सतराच दिवस झाले होते. इंदोऱ्यातल्या नामांतर शहीद स्मारकापुढून जाताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. ज्या सरकारनं ठराव केला, त्याच सरकारच्या पोलिसांच्या या गोळ्या.

आणि नाव कधी लागलं? १४ जानेवारी १९९४ ला. मधे १९८०, १९८५ आणि १९९० अशा तीन निवडणुका गेल्या. पवार, अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव चव्हाण, सुधाकरराव नाईक अशी सात माणसं त्या खुर्चीवर बसून गेली. नाव लागलं ते यातल्या कोणाच्या पुण्याईनं नाही. १९७९ ला दीक्षाभूमीवरून निघालेल्या लाँग मार्चनं लागलं. तुरुंगात गेलेल्या बायाबापड्यांनी लावलं. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारेनं स्वतःला पेटवून घेतलं, तेव्हा कुठं मुंबईला धग लागली. तेव्हाही नामांतराचा नामविस्तार करून दिला.

१९९५. पहिल्यांदा युतीचं सरकार. मनोहर जोशी मुख्यमंत्री, गोपीनाथ मुंडे गृहखात्यात. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातला गेला. लोक जमले. राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या. दहा माणसं मेली. लोक म्हणाले, हे सरकार घालवा. १९९९ ला घालवलं. पण गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला कोर्टानं दोषी ठरवायला २००९ उजाडलं. त्या बारा वर्षांतली दहा वर्षं आपण मत दिलेल्या धर्मनिरपेक्ष आघाडीची होती.

२००६. तीच आघाडी. मुख्यमंत्री विलासराव, गृहमंत्री आर. आर. पाटील. २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना गावानं ठार केलं. सुरेखाबाई, प्रियंका, सुधीर, रोशन. नागपूर, कामठी, अमरावतीत लोक रस्त्यावर आले, तेव्हा गृहमंत्री म्हणाले यामागं नक्षलवादी आहेत. भंडाऱ्याच्या कोर्टानं २००८ ला शिक्षा दिल्या, पण ॲट्रॉसिटीचा कायदा काही लागू केला नाही. गावानं जात पाहून मारलं आणि कागदावर जात सापडली नाही. तपासाच्या पहिल्या दिवशी जे लिहून घ्यायला पाहिजे, ते ठाण्यात जॉबर लिहून घेत नाही. मग पुढं हायकोर्टात कितीही मोठा वकील लावा.

आता २०२४. ५ डिसेंबरला आझाद मैदानावर शपथविधी झाला. देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री. आदल्या दिवसापर्यंतचे मुख्यमंत्री उपमुख्यमंत्री झाले आणि आदल्या दिवसापर्यंतचे उपमुख्यमंत्री मुख्यमंत्री. त्या रात्री आपली माणसं चैत्यभूमीच्या रांगेत उभी होती. पाच दिवसांनी, १० डिसेंबरला, परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. दुसऱ्या दिवशी बंद झाला, जाळपोळ झाली आणि मग पोलीस आपल्या वस्त्यांत शिरले. सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजातला, कायदा शिकणारा तरुण पकडला गेला. १५ डिसेंबरला तो कोठडीत मेला. त्याच रविवारी नागपूरच्या राजभवनात ३९ मंत्री शपथ घेत होते. शपथ कशाची? संविधानाची.

शवविच्छेदनानं अंगावर अनेक जखमा असल्याचं सांगितलं. नागपूरच्या अधिवेशनात मुख्यमंत्र्यांनी मारहाण झालीच नाही असं सांगितलं आणि दहा लाखांची मदत जाहीर केली. सोमनाथच्या आईनं ते दहा लाख नाकारले. ती कोर्टात गेली, प्रकाश आंबेडकर तिच्या बाजूनं उभे राहिले. जुलै २०२५ मध्ये हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं पोलिसांवर गुन्हा नोंदवायचा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं आणि तिथंही हरलं. २३० आमदारांच्या सरकारला एका बाईनं मागं हटवलं. तिच्यामागं एकही आमदार नसता तरी ती हटली नसती.

चोपडी मिटा. चार सरकारं, चार रंग. पुरोगामी, भगवं, तिरंगी आणि पुन्हा भगवं. पण लाठीला रंग नाही.

आता विचारा, जॉबर का बदलत नाही?

कारण ठेकेदाराला त्याची गरज असते. २८८ मतदारसंघांत प्रत्येक पक्षाला ज्यांच्या हाती जमीन आहे, सोसायटी आहे, कारखाना आहे, बँक आहे, त्यांची मतं लागतात. गावचं राज्य त्यांचं आणि ठाणं त्यांच्या शब्दावर चालतं. ठाणेदाराला हात लावला की ते दुखावतात. आपलं मत विखुरलेलं. ते हवं असतं, पण त्यासाठी कोणाला दुखवायची कोणाची तयारी नसते. म्हणून आपल्याला पुतळा भेटतो, स्मारक भेटतं, जयंतीला हार भेटतो, ठाण्यात मात्र बसायला खुर्ची भेटत नाही.

राखीव जागा आहेत की, असं कोणी म्हणेल. आहेत, २९ आहेत. पण १९३२ च्या पुणे करारानं स्वतंत्र मतदारसंघ गेला. तेव्हापासून आपला उमेदवार पक्ष निवडतो आणि त्याला निवडून आणायचं की पाडायचं हे बाकीचे ठरवतात. मग तो आमदार आपल्यासाठी किती तोंड उघडेल? त्यानं तोंड उघडलं तर पुढच्या खेपेला तिकीट दुसऱ्याला. त्या बिचाऱ्याची नोकरीही ठेकेदारीतलीच आहे.

आणि सरकार बदलायला तुमचं मत लागतंच असंही नाही. २१ ऑक्टोबर २०१९ ला तुम्ही एकदा बटन दाबलं. त्या एका बटनातून तीन सरकारं निघाली. २३ नोव्हेंबरच्या सकाळी फडणवीस-अजितदादांचं, तीन दिवसांनी नेमक्या संविधानदिनी संपलेलं. मग उद्धव ठाकरेंचं. मग ३० जून २०२२ ला शिंदेंचं. तुम्हाला कोणी विचारलं? वस्तीत आपण "गद्दार कोण" यावर एकमेकांची डोकी फोडत होतो आणि ते शपथविधीच्या मंडपात एकमेकांना पेढे भरवत होते.

म्हणून पहिल्या दोस्ताला सांगतो, आपलं सरकार नावाची चीज नसते. सरकार हे कामावर लावलेलं असतं. संविधानानं मालक आपल्याला केलंय आणि सरकार पाच वर्षांचा ठेकेदार आहे. ठेकेदाराच्या वरातीत नाचणारा मालक तू जगात कुठं पाह्यला? तुझ्या साहेबाला महामंडळ भेटेल, लाल दिव्याची हौस फिटेल. पण महामंडळाच्या तिजोरीत काय आहे ते आधी पाहा. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी ३० लाख रुपये लाडकी बहीण योजनेकडं वळवले. खात्याचे मंत्री संजय शिरसाट स्वतः सरकारात असून वैतागले, खातं बंदच करा म्हणाले. माझ्या मायलाही ते दीड हजार येतात. येऊ दे, तिचा हक्क आहे, कोणाच्या बापाची भीक नाही. पण तिच्या एका हातात दीड हजार ठेवून तिच्या नातवाच्या होस्टेलचे पैसे दुसऱ्या हातातून काढून घेतले, तर त्याला योजना म्हणायचं की खिसेकापूपणा? आणि फक्त भाजपकडं बोट दाखवू नका. कर्नाटकात या निधीच्या रक्षणासाठी २०१३ पासून कायदा आहे, तरी २०२३ मध्ये तिथल्या काँग्रेस सरकारनं गॅरंटी योजनांसाठी त्याच निधीतून हजारो कोटी उचलले. पक्ष दुसरा, राज्य दुसरं, खिसा आपलाच.

दुसऱ्या दोस्ताला सांगतो, रडू नको. लोकसभेला आपण ४८ पैकी १७ वर महायुतीला आणून ठेवलं, ही आपली ताकद होती. विधानसभेला काय झालं? वंचितचे दोनशेच्या आसपास उमेदवार, बसपाचेही तेवढ्यावर, दोघांचाही आमदार शून्य. आठवले महायुतीत. बाकीचे आघाडीच्या दारात तिकिटासाठी उभे. १९७८ ला दोन गट होते, आता मोजायला रजिस्टर लागतं. मशीनवर शंका असेल तर जरूर लढा, माळशिरसच्या मारकडवाडीचं गाव लढायला उभं राहिलं आणि पोलिसांनी त्यांना मतपत्रिकेवर साधं चाचणी मतदान करू दिलं नाही, तेही विसरू नका. पण मशीनला शिव्या देऊन आपली फाटकी गोधडी शिवली जात नाही.

तिसऱ्या दोस्ताशी माझं भांडण सगळ्यात मोठं. मत देत नाही म्हणतोस? १९१९ ला साउथबरो समितीपुढं बाबासाहेब आपल्या मताचा हक्क मागायला उभे होते, तेव्हा आपल्यातल्या कोणाला शहाणपणाचे दोन शब्द बोलायचीही मुभा नव्हती. ते मत तू बिडीच्या धुरात सोडून देतोस? आणि निवडणूक हेच सर्वस्व मानणाऱ्यांनीही ऐका. बाबासाहेब १९५२ ला मुंबईत हरले. १९५४ ला आपल्या शेजारच्या भंडाऱ्यात पोटनिवडणूक लढले, तिथंही हरले. ज्यानं संविधान लिहिलं त्याला या लोकांनी दोनदा पाडलं. मग बाबासाहेब काय घरी बसले? दोनच वर्षांत, १४ ऑक्टोबर १९५६ ला, याच नागपुरात त्यांनी लाखोंना दीक्षा दिली. आज भंडाऱ्यात निवडून आलेल्याचं नाव कोणाला आठवतं का? निवडणूक हा एक दिवस असतो. बाबासाहेबांनी उरलेल्या दिवसांत इतिहास केला.

पाच वर्षांत मतदानाचा दिवस एक आणि हिशेब मागायचे दिवस अठराशेच्या वर. आपण उलटं करतो. त्या एका दिवसासाठी दोन महिने राबतो, पोस्टर चिकटवतो, एकमेकांची थोबाडं फोडतो आणि उरलेले अठराशे दिवस झोपतो. जॉबरला हेच पाहिजे असतं.

मग करायचं काय? भाषण नको, काम सांग, असं म्हणाल. सांगतो.

ॲट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. त्या नियमांत लिहिलंय, की राज्याची दक्षता समिती मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली वर्षातून निदान दोनदा बसली पाहिजे, जानेवारीत आणि जुलैत. जिल्ह्याची समिती जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली दर तीन महिन्यांनी बसली पाहिजे. तपास डीवायएसपीच्या खालच्या अधिकाऱ्यानं करायचा नाही. म्हणजे पाच वर्षांत राज्याच्या दहा बैठका आणि तुमच्या जिल्ह्याच्या वीस. मुख्यमंत्री कोणत्याही पक्षाचा असो, ही त्याची हजेरी आहे, आणि हजेरी घ्यायचा हक्क मालकाचा. माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाका. किती बैठका झाल्या? कोण आलं होतं? किती गुन्ह्यांत आरोपपत्र गेलं, किती सुटले, का सुटले? उत्तर आलं तर छापा. नाही आलं तर अपील करा आणि तेही छापा. प्रत्येक वस्तीत दोन पोरं अशी पाहिजेत, की ज्यांना नियमाचा आकडा तोंडपाठ आहे आणि ठाण्यात गेल्यावर ज्यांचा आवाज कापत नाही. अनुसूचित जातींचा निधी दुसरीकडं वळवता येणार नाही, उरला तर बुडणार नाही, असा पळवाट नसलेला कायदा मागा. आणि डिसेंबरात सरकार आपल्या दारात येतं, नागपूर करारानं त्याला यावंच लागतं. तेव्हा सेल्फी काढायला जाऊ नका. या वर्षभराच्या हजेरीचा कागद हातात घेऊन जा.

यात गुलाल नाही. यात साहेब होता येत नाही. म्हणून नेते तुम्हाला हे काम सांगणार नाहीत. नेत्याला निवडणूक आवडते, कारण निवडणुकीत त्याचा भाव होतो. हजेरीच्या कागदाचा भाव होत नाही.

गिरणीत आम्ही पंधरा जणांनी मागच्या वर्षी एक वही केली. कोणी किती तास काम केलं, किती पैसे पडले, रोजच्या रोज, सही-अंगठ्यासह. ठेकेदार त्यानंतरही बदलला. पण ओव्हरटाइम लिहिताना सुपरवायझर आता आधी वहीकडं पाहतो. क्रांती झाली असं मी म्हणत नाही. त्याचा हात थोडा आखडला, एवढंच झालं.

सरकार येईल, जाईल. रंग बदलेल, पुन्हा तोच येईल. तुम्ही पहिला अर्ज कोणत्या तारखेला टाकला, ते मला सांगा. या अंकाच्या मागच्या पानावर जागा कोरी ठेवायला सांगितली आहे. तिथं कविता नको, पोचपावतीचा नंबर लिहून पाठवा.

जयभीम.